लिंटरनं ६४० वॉर्निंग काढल्या, आता काय करू?

प्रश्न: ताई, मी जुळे सोलापूरचा, इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. आम्ही तिघांनी सोलापूर बाजार समितीतले कांद्याचे भाव दाखवणारं ओपन सोर्स ॲप केलंय, पायथनमध्ये. आता बाहेरची पोरं पण कोड पाठवायला लागलीत आणि आम्हाला रिव्ह्यूला टाइमच मिळत नाही म्हणून लिंटर, म्हणजे कोड न चालवताच त्यातल्या चुका दाखवणारं टूल, लावला, तर त्यानं ६४० वॉर्निंग काढल्या की! मित्र म्हणतो सगळ्या झीरो होईपर्यंत कुणाचाच कोड घ्यायचा नाही. बरोबर आहे का?

उत्तर: नको रे, अजिबात नको. जुन्या ६४० आहेत तिथं राहू दे, फक्त नवीन पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे कुणी ‘हा बदल घ्या’ म्हणून पाठवलेल्या कोडमध्ये, बदललेल्या ओळींवरच्या वॉर्निंग दाखवायच्या, रिव्ह्यूडॉग नावाचं ओपन सोर्स टूल नेमकं हेच करतं. स्पेस, इंडेंट, न वापरलेले इम्पोर्ट हे रफला, म्हणजे पायथनच्या लिंटर टूलला, सांग, त्यावर माणसानं कॉमेंट करत बसूच नये.

आणि वॉर्निंग घालवायची म्हणून ओळ उडवायची, हे तर कधीच करू नको. २००६ मध्ये डेबियन या लिनक्सच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये (हे एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर) असंच झालं, व्हॅलग्रिंड हे मेमरी तपासणारं टूल तक्रार करत होतं म्हणून दोन ओळी बंद केल्या आणि त्यातली एक नेमकी रँडमपणा मिसळणारी निघाली. २००८ ला ते उघडकीस आलं तोवर डेबियन आणि त्यावर बेतलेल्या उबंटूवर एन्क्रिप्शनच्या कच्च्या की (किल्ल्या) तयार होत राहिल्या, एका प्रकारच्या, एका साइजच्या जेमतेम ३२,७६८, म्हणजे सगळ्या एकेक करून लावून बघता येतील एवढ्याच! टूल खोटं बोलत नव्हतं बरं का, ती ओळ तिथं का आहे हे त्याला माहीत नव्हतं. म्हणून एखादी वॉर्निंग गप्प करायचीच असली तर शेजारी कारण लिही, एक ओळ पुरे.

तुमचा वाचलेला टाइम खरा कुठं लावायचा सांगू? भाव क्विंटलचा की किलोचा, इथं. कुणी शंभरनं भागायचं विसरला तरी लिंटर हिरवा टिक देणार आणि तो आकडा बघून एखादा शेतकरी गाडी भरणार. त्याच्यासाठी टेस्ट लिहा, आणि भावाच्या फाइलला हात लावणारी प्रत्येक रिक्वेस्ट तिघांपैकी एकानं तरी नीट वाचायचीच.

पहिल्यांदा कोड पाठवणाऱ्या पोराला नुसता बॉटचा लाल क्रॉस नको दिसायला, दोन ओळी तू स्वतः लिहीत जा.