नाईट ड्राइव्हला निघालास, म्हणून थोडं लाईटबद्दल

प्रिय बाळा,

झांबियाला साऊथ लुआंग्वा नॅशनल पार्कला जायचं नक्की झालं हे वाचून लई आनंद झाला. फ्लॅश कुठला घेऊ असं विचारलंयस, तर माझं सरळ मत, फ्लॅशवर पैसे घालू नकोस. तिथं नाईट ड्राइव्हला, म्हणजे रात्री गाडीतून जनावरं बघायला निघतात तेव्हा, ड्रायव्हरबरोबर एक माणूस स्पॉटलाईट घेऊन बसतो, तोच तुझा लाईट. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश लेन्सला चिकटून असतो, आणि बिबट्या काय, सिव्हेट (उदमांजराच्या जातीचं) काय, यांच्या डोळ्याच्या मागं चमकणारा पडदा असतो, तो उजेड आल्या वाटेनं परत पाठवतो, मग फोटोत डोळ्यांच्या जागी दोन पांढरे गोळे. शिवाय अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड चौथाईवर येतो, लांब झाडावर बसलेल्या बिबट्यापर्यंत काय पोचणार सांग की.

आता खरी गंमत. बिबट्यापाशी दुसरी गाडी आधीच उभी असेल तर तिचा लाईट कुठून पडतोय ते बघ, आणि आपल्या माणसाला थोडा वेळ लाईट बंद करायला सांग, नीट विचारलं तर करतात. बाजूनं आलेला उजेड अंगावरून घासत जातो, मिशा एकेक मोजता येतात, खांद्याचं हाड उठून दिसतं, आणि मागून आला तर जनावर काळंच राहतं पण कडेचे केस पेटल्यासारखे होतात, कानाच्या आतली लव सुद्धा दिसते. समोरून टाकलेल्या लाईटात हे काहीच मिळत नाही, सगळं सपाट.

सेटिंग मॅन्युअल ठेव. भिंगाचं तोंड मोठं उघडं, एफ २.८, शटर १/१२५ सेकंदाच्या आसपास, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) ३२०० ते ६४००, ग्रेनला, म्हणजे फोटोत येणाऱ्या दाण्यांना, घाबरू नकोस, हललेला फोटो सुधरत नाही पण ग्रेन निभावतो. ऑटोवर ठेवलास तर कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर मागचा काळोख बघून फसतो आणि बिबट्या पांढराफटक करून टाकतो. रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये) काढ, स्पॉटलाईट हॅलोजनचा असला तर सगळं पिवळं येतं, ते घरी येऊन नीट करता येतं. गाडीचं इंजिन बंद करायला सांग, नाहीतर ती थरथर फोटोत उतरते.

एक गोष्ट मात्र कडक सांगतो. हत्ती, इम्पाला (तिकडचं हरणासारखं जनावर) असल्यांवर लाईट धरून ठेवायला लावू नकोस. इम्पालाचे डोळे दिपले की बराच वेळ त्याला काही दिसत नाही, आणि तिथंच कुठंतरी सिंह बसलेला असतो. शिकार चालू असेल तर लाईट पूर्ण बंद, मग तुझा फोटो गेला तर जाऊ दे. चांगले गाईड लाल फिल्टर लावतात, तसला गाईड मिळाला तर त्याचं ऐक.

आणि हे सगळं इकडं करायला जाऊ नकोस रे. आपल्या बेळगावजवळचं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं परवानगीशिवाय आत शिरता येत नाही, रात्री तर विषयच नाही. जांबोटी-कणकुंबी रस्त्यावर गाडी थांबवून गव्यावर बॅटरी मारणारी पोरं दिसली की माझं डोकं फिरतं, ससे मारणारे पण तसंच करतात, उजेड डोळ्यात गेला की ससा जागच्या जागी थिजतो. भीमगडातल्या बारापेडे गुहेतली वटवाघळं जगात फार थोड्या ठिकाणी आहेत, तिथं फ्लॅश घेऊन जायचा विचार सुद्धा नको.

प्रॅक्टिस करायची तर गल्लीतलं कुत्रं आहे की. भावाला दहा पावलं बाजूला उभा कर, बॅटरी जमिनीवर मारायला सांग, तो उडालेला उजेड बास होतो, आणि काळ्या कुत्र्याच्या डोळ्यावर फोकस बसतोय का बघ. काळ्यावर जमलं की बिबट्यावर जमतंय.

जायच्या आधी एकदा टिळकवाडीला घरी ये, माझी कॅमेरा टेकवायची बीन बॅग घेऊन जा. रिकामीच ने, तिकडं गेल्यावर तांदूळ भरून घे, उगाच विमानात वजन नको.

तुझा,
काका