आज्जीचा धपाटा आणि कार्डिफची शाळा

"मावशी, मुलगा सहा वर्षांचा आहे. मागच्या उन्हाळ्यात सासू-सासरे जुळे सोलापूरहून आमच्याकडे कार्डिफला आले होते. पोरानं ताटातली भाजी खाली टाकली म्हणून आईंनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. दुसऱ्या दिवशी त्यानं ते शाळेत बाईंना सांगितलं. मला शाळेत बोलावलं, मग सोशल सर्व्हिसेसमधून, म्हणजे मुलांची सुरक्षितता बघणाऱ्या सरकारी विभागातून, फोन आला. त्या बाई नीट बोलल्या, माहितीपत्रक दिलं आणि विषय तिथेच मिटला. पण मला महिनाभर धड झोप नव्हती. आता मे महिन्यात दोघं पुन्हा येतायत. नवरा म्हणतो, आईला काही बोलू नकोस, तिला लागेल. त्यापेक्षा पोरालाच सांगू, घरातलं शाळेत सांगायचं नाही. काय करू?"

पोरी, सगळ्यात आधी ते शेवटचं मनातून काढून टाक. पोराला गप्प बसायला शिकवू नका. मी ३१ वर्षं इथे सोलापुरात पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवलं. 'घरातलं बाहेर सांगायचं नाही' हे ज्या लेकराच्या मनावर पक्कं बिंबतं, ते उद्या शाळेच्या गाडीवाल्यानं किंवा शेजारच्या मोठ्या मुलानं काही केलं तरी तुलाही येऊन सांगत नाही. घरातलं कोणतं आणि बाहेरचं कोणतं, हा हिशेब त्याला कळत नाही. त्याला एवढंच कळतं की लागलं तर बोलायचं नसतं. तुझा मुलगा आपल्या बाईंशी मोकळेपणानं बोलला, ही त्या सगळ्या प्रकारातली सर्वांत चांगली गोष्ट आहे. त्याला जवळ घेऊन सांग, तू सांगितलंस ते बरोबर केलंस. आज्जीलाही तू आवडतोस आणि तुला कुणी मारायचं नाही, या दोन्ही गोष्टी त्याला एकाच वेळी सांगता येतात.

आता कायद्याचं. तुमचं कार्डिफ ब्रिटनच्या वेल्स या भागात येतं. वेल्समध्ये २१ मार्च २०२२ पासून मुलांना शिक्षा म्हणून मारणं पूर्ण बंद झालं. त्यासाठी नवा गुन्हा काही तयार केलेला नाही. दुसऱ्यावर हात उचलणं हा तिथे आधीपासूनच गुन्हा होता. आईवडिलांना किंवा त्यांच्या जागी मूल सांभाळणाऱ्याला मात्र 'ही वाजवी शिक्षा होती' असं सांगून सुटता यायचं. ती सूट काढून घेतली, बस. आपल्या नवी पेठेत एखाद्या दुकानदारानं कामावरच्या गड्याच्या कानाखाली ओढली तर चार माणसं जमतील आणि त्याला जाब विचारतील. तोच माणूस स्वतःच्या पोराला ओढेल तेव्हा तीच चार माणसं म्हणतील, बाप आहे, मारणारच. मोठ्याच्या गालाला जे संरक्षण आहे ते लहानाच्या गालालाही असावं, एवढंच हा कायदा म्हणतो. तो वेल्समध्ये असलेल्या प्रत्येकाला लागू आहे, त्यामुळे पाहुणी म्हणून आलेल्या आज्जीलाही लागू आहे. पोर रस्त्यावर धावलं आणि दंडाला धरून मागे ओढलं, तर ती शिक्षा नव्हे. ते तिथेही चालतं आणि चाललंच पाहिजे.

'मूल उचलून नेतात' ही भीती आपल्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फार फिरते. एका धपाट्यावरून लेकरू हिरावून घेण्यासाठी हा कायदा केलेला नाही. गोष्ट पोलिसांपर्यंत गेली तरी प्रत्येक वेळी खटलाच भरतात असं नाही. योग्य वाटलं तर खटल्याऐवजी पालकांना मार्गदर्शन घेण्याची वाट देतात. कुणी वरचेवर मारत असेल, इजा करत असेल तर गोष्ट वेगळी, आणि ती वेगळीच असायला हवी. फोन आला तर घाबरून बंद करू नकोस. घडलं तेवढं खरं सांग. त्यांना सासूबाईंशी बोलायचं असेल तर दुभाषी माग, आणि समजल्याशिवाय कशावरही सही करू नका.

इतर देशांतल्या वाचकांसाठी थोडक्यात. स्कॉटलंडमध्ये हीच सूट ७ नोव्हेंबर २०२० ला गेली. इंग्लंडमध्ये 'वाजवी शिक्षे'चा बचाव उरलेला आहे, म्हणजे कार्डिफहून तासाभरात ब्रिस्टलला पोचलं की कायदा बदलतो. जर्मनीत २००० सालापासून हिंसेविना वाढणं हा मुलाचा हक्क आहे. अमेरिकेत आईवडिलांनी मारण्यावर देशभर सरसकट बंदी नाही, पण अंगावर वळ दिसून छळाचा संशय आला तर शाळेतल्या शिक्षकांना आणि डॉक्टरांना तो कळवावाच लागतो. आणि 'ही गोऱ्यांची थेरं' असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, जपानमध्ये असा कायदा २०२० साली लागू झाला आणि आपल्या शेजारच्या नेपाळनं तो त्याच्याही आधी, २०१८ साली केला.

मला या सगळ्यात स्वीडनची गोष्ट जवळची वाटते. १९७९ साली घरातही मुलांना मारायला बंदी घालणारा तो जगातला पहिला देश. त्या कलमात दंड किंवा तुरुंग नव्हताच. मग लोकांना कळवलं कसं? दुधाच्या खोक्यांवर छापून. सकाळी न्याहारीला बसलं की टेबलावरच्या दुधाच्या खोक्यावरच या कायद्याची माहिती. ते आईबापांनी वाचलं, आणि अक्षरओळख झालेल्या पोरांनीही वाचलं. धाक घालण्यापेक्षा घराघरांत बोलणं व्हावं, हा त्यामागचा हेतू होता.

आता तुझ्या घरातल्या एका शब्दाबद्दल सांगायचंय. 'आई, इथे मारलेलं चालत नाही हं.' हे वाक्य तू म्हणालीच असशील, परदेशात राहणारं प्रत्येक मराठी घर म्हणतं. त्यातला 'इथे' घातक आहे. त्यातून सासूबाईंना कळतं की तिथले लोक विचित्र आहेत, सांभाळून राहायचं. पोराला कळतं की सोलापुरात आपल्याला मारता येतं. मग जानेवारीत तुम्ही गड्ड्याच्या जत्रेला येता, पाळण्यासाठी हट्ट केला म्हणून मामा भाच्याला एक ठेवून देतो, आणि तू बघत उभी राहतेस, कारण 'इथे' चालतं. भारतात शाळेत मारायला बंदी आहे. घरातल्या मारण्यावर अजून अशी स्पष्ट बंदी नाही. पण लेकराची पाठ विमानात बसून बदलत नाही. म्हणून 'आपल्या घरात मारत नाहीत' असं म्हण. तेच वाक्य कार्डिफला, तेच सोलापूरला, मामालाही तेच.

हे मी कुठल्या तोंडानं सांगते, तेही सांगते. माझ्या टेबलावर वर्षानुवर्षं लाकडी पट्टी असायची. आमच्या शाळेत पूर्व भागातली बरीच मुलं यायची, वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळणारी, घरात तेलुगू. असाच एक मुलगा पहिलीत होता. 'पुस्तक उघड' म्हटलं की तो नुसता बघत बसायचा. मला तो उद्धटपणा वाटायचा. मी त्याच्या हातावर पट्टी मारायची, तो हात आपणहून पुढे करायचा आणि रडायचा नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याची मोठी बहीण सोडायला आली तेव्हा बोलता बोलता कळलं की त्याला मराठीच फारसं येत नव्हतं. माझं एकही वाक्य त्याला धड समजत नव्हतं आणि मी त्याला न समजण्याबद्दल मारत होते. तरी पट्टी लगेच सुटली नाही, सवय होती. १ एप्रिल २०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या कलम १७ नं शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आली. मीसुद्धा तेव्हा शिक्षकांच्या खोलीत म्हणाले होते, आता वर्ग कसा सांभाळायचा? पहिले काही महिने खरंच जड गेले. मग हळूहळू लक्षात आलं की पट्टी नसली की मूल असं का करतंय हे विचारावं लागतं. पूर्वी मी ते विचारतच नव्हते.

म्हणून तुला विचारते, भाजी खाली टाकताना तुझा मुलगा काय म्हणाला होता? इंग्रजीत काहीतरी म्हणाला असेल आणि आज्जीला ते कळलं नसेल. सोलापुरात त्यांच्या दाराशी भाजीवाली येते, संध्याकाळी कट्ट्यावर बायका जमतात, सोमवारी सिद्धेश्वराला जाणं होतं. कार्डिफला तुम्ही दोघं सकाळी आठला बाहेर पडता आणि त्यांच्याशी बोलायला दिवसभर कुणी नसतं. साडेतीनला नातू येतो तो वेगळीच भाषा बोलत. माणूस एकटं आणि थकलेलं असलं की हात लवकर उठतो. त्यांचा राग आधी तिथे हलका कर. शनिवारी त्यांना आपल्या लोकांत ने. नातवाला रोज चार मराठी वाक्यं त्यांच्याकडून शिकू दे, आणि त्यांना चार इंग्रजी शब्द त्याच्याकडून. भाकरी करायला बसतील तेव्हा त्यालाही एक गोळा थापायला दे; स्वतः थापलेली भाकरी पोरं सहसा टाकत नाहीत. तरीही राग आलाच, तर 'याला घे गं' म्हणून त्यांनी उठून बाहेर जायचं आणि तू हातातलं काम सोडून त्याला घ्यायचं, हे तुमच्यात आधीच ठरलेलं असू दे. तू कामावर असशील तेव्हा ते काम आजोबांचं.

सांगायचं मात्र तुझ्या नवऱ्यानं. सुनेच्या तोंडून आलेलं 'तुम्ही मारता' हे आयुष्यभर सलतं. लेकानं सांगितलेलं आई ऐकून घेते. विमानतळावर, बॅगा घेता घेता नको. एप्रिलमध्येच एखाद्या रविवारी निवांत फोन करून सांगावं. 'आम्ही तुम्हाला मारूनच वाढवलं ना, काय बिघडलं?' असं त्या म्हणतीलच. तेव्हा त्यानं वाद घालू नये आणि कायद्याचा धाकही घालू नये. त्याला लहानपणचा मार आठवत असेल, आणि त्या दिवशी कुणाची वाट बघत कोपऱ्यात बसला होता तेही आठवत असेल. तेवढं आईला सांगावं. बहुतेक आया त्यावर गप्प होतात.

त्याला फारच अवघड वाटलं, तर सासूबाईंना निघायच्या आधी एकदा माझ्याकडे पाठव. पट्टीची गोष्ट मीच त्यांना सांगते. जाताना तुझ्यासाठी शेंगाचटणीही त्यांच्याबरोबर देईन.