वाळव्याची नात आणि सॅस्काटूनचा मसूर

"ताई, मुलीला सॅस्काटूनला अ‍ॅडमिशन मिळाली आणि घरात सुतक आल्यासारखं झालंय."

टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टनच्या एका आईचं पत्र असं सुरू होतं. पत्र चांगलं लांब आहे आणि त्यात प्रश्न चार: मुलीचं शिक्षण, धाकट्याचं मराठी, नवऱ्याचा अबोला आणि मे महिन्यात वाळवा तालुक्यातून येणाऱ्या सासूबाई. शेवटच्या तिघांना मी दोन-दोन ओळींत उरकणार आहे, आत्ताच सांगून ठेवते. पहिल्या प्रश्नावर माझं डोकं फिरतं, आणि ते का फिरतं हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे.

पत्रातला मजकूर असा: "तिला वॉटर्लू आणि मॅकमास्टर, दोन्हीकडून होकार आलाय. पण तिचा हट्ट एकच, सॅस्काटूनची सस्कॅचेवान युनिव्हर्सिटी, आणि तीही अ‍ॅग्रिकल्चरला. हे म्हणतात, माझ्या बापाने जमीन विकून मला इंजिनिअर केलं, ढेकळांतून बाहेर काढलं. आता नात कॅनडात येऊन शेती शिकणार? मंडळात लोकांना काय सांगायचं? लोक विचारतात रँक किती. लोकांनी नावही ऐकलेलं नाही."

बाई, तुमच्या पूर्ण पत्रात 'लोक' सात वेळा आलेत. मी पेन्सिलने खुणा केल्या. मुलीला तिथे नेमकं काय शिकायचंय, ते मात्र एकदाही नाही.

तुम्हाला बोलायचा हक्क मला आहे, कारण हेच मी करून बसले आहे. आमच्या थोरल्याला मी बळेबळे मोठ्या नावाच्या युनिव्हर्सिटीत घातलं. कुठल्या ते विचारू नका. त्या वर्षी गणपतीच्या आरतीला मी छातीवर युनिव्हर्सिटीचं नाव आणि खाली 'मॉम' लिहिलेला स्वेटशर्ट घालून गेले होते, साडीवर! पोरगं हजार जणांच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसायचं. अख्ख्या वर्षात एकाही प्राध्यापकाला त्याचं नाव कळलं नाही. दुसऱ्या वर्षाच्या नाताळात घरी आला तो परत गेलाच नाही. पुढे दुसरीकडे शिकला, आता बरा आहे. तो स्वेटशर्ट मी बर्फ उपसताना वापरते.

तेव्हापासून माझं एकच टुमणं आहे. युनिव्हर्सिटीची पाटी वाचू नका, तिचं देणंघेणं कुणाशी आहे ते बघा. आपल्याकडे स्थळ बघताना बाकीचे घराण्याचं नाव ऐकून माना डोलावतात. पण घरातली एखादी जाणती मावशी हळूच चौकशी करते, की यांचं कुणाशी येणंजाणं आहे, अडीअडचणीला यांच्याकडे कोण धावतं. ती मावशी व्हा.

आणि भागीदारी म्हणजे दोन कुलगुरूंनी फाईल उघडून हस्तांदोलन करतानाचा फोटो नव्हे. तसे फोटो सगळ्यांकडे आहेत. मी तीनच गोष्टी विचारते. समोरच्याने खिशातून पैसे घातले का? दोघांचं मिळून एखादं यंत्र, शेत किंवा प्रयोगशाळा आहे का? आणि तिथे पदवीच्या पोरांना हात लावू देतात का, की नुसतं काचेतून दाखवतात?

आता तुमच्या सॅस्काटूनला ही फूटपट्टी लावू. शहर 2021 च्या जनगणनेत अडीच-पावणेतीन लाख वस्तीचं, म्हणजे सांगली-मिरजेपेक्षा लहान. युनिव्हर्सिटी 1907 सालची, नदीच्या काठावर, विद्यार्थी सुमारे 26 हजार. टोरंटोच्या मानाने मध्यम चणीची.

1960 च्या दशकाच्या शेवटी त्या सस्कॅचेवान प्रांतात गहू इतका पिकला की कोठारं भरली आणि घेणारं कुणी नाही. दुसरं काहीतरी पेरायला हवं म्हणून 1971 साली युनिव्हर्सिटीत पीक विकास केंद्र निघालं. पुढच्या वर्षी तिथे अल स्लिंकार्ड नावाचा अमेरिकन पैदासकार आला आणि त्याने मसूर हातात घेतला. तोवर त्या मुलखात मसूर जवळजवळ नव्हताच. 1978 मध्ये त्याचं 'लेअर्ड' वाण आलं, 1980 मध्ये 'एस्टन'. डाळीचं पीक हवेतला नत्र मुळांच्या गाठींत धरतं, त्यामुळे एरवी पडीक ठेवायची जमीनही कामाला आली. आज जगात सगळ्यात जास्त मसूर निर्यात करणारा देश कॅनडा, आणि त्यातला बहुतेक एकट्या सस्कॅचेवानचा. या संशोधनाला पैसा कुणी दिला? सरकारने दिलाच, पण शेतकऱ्यांनीही दिला. कडधान्य विकलं की त्यातला छोटा हिस्सा त्यांच्या संघटनेकडे जातो, आणि त्यातून वर्षानुवर्षं या पैदाशीला पैसा मिळाला. खिशातून पैसे म्हणतात ते हे.

हा मसूर जातो कुठे? तुमच्या सासरी! वाशीच्या घाऊक बाजारात 'कॅनडा' हे मसुराचं नाव म्हणूनच चालतं. डिसेंबर 2017 मध्ये दिल्लीने मसुरावर 30 टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा इथल्या गहू-मसूरवाल्या गावांत चेहरे उतरले होते. आमचे एक स्नेही सस्कॅचेवानात ट्रॅक्टर दुरुस्त करतात. ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या मोदींचं नाव आमच्या कॉफीच्या टपरीवर रोज निघतं." तुमच्या यजमानांच्या गावाकडे ढाब्यावर जो झणझणीत आख्खा मसूर मिळतो, त्याच्या हंडीत कधी ना कधी सॅस्काटूनच्या शेतावर जन्मलेलं वाण पडलं असणार. त्यांना म्हणावं, तुमच्या बापाने शेती सोडली ती कोरडवाहूची. नात निघाली आहे ती बियाण्याच्या उगमाकडे.

आता जरा गंमत. त्यांना वॉटर्लू आणि मॅकमास्टर हवंय ना? 2016 मध्ये पाण्यावरचा एक मोठा संशोधन प्रकल्प सुरू झाला, 'ग्लोबल वॉटर फ्यूचर्स'. केंद्र सरकारने त्याला सात वर्षांसाठी 7 कोटी 78 लाख डॉलर दिले. त्याचं नेतृत्व सस्कॅचेवानकडे, आणि सुरुवातीचे भागीदार तीन: वॉटर्लू, मॅकमास्टर आणि विल्फ्रिड लॉरिए. म्हणजे ज्या दोन घराण्यांवर तुमचे यजमान भाळलेत, ती दोन्ही त्या कामात सॅस्काटूनच्या पंगतीला बसलेली. आम्ही कॅल्गरीचे. बर्फाच्या पाण्याचा अभ्यास करणारी त्यांची प्रयोगशाळा आमच्या वाटेवर कॅनमोरला आहे. बॅन्फला पाहुणे नेताना दर वेळी मी ती वाट दाखवते आणि आमचे हे दर वेळी म्हणतात, "झालं हिचं सुरू."

गव्हाचंही तेच. 2020 मध्ये जगभरच्या गव्हाच्या पंधरा वाणांचे जनुकीय आराखडे एकत्र प्रसिद्ध झाले. त्या आंतरराष्ट्रीय कामाचं सुकाणू तिथल्याच कर्टिस पोझ्नियाक यांच्या हाती होतं. लसींवर काम करणारी त्यांची 'व्हीडो' ही संस्था 1975 पासून आधी गुरांच्या रोगांमागे होती. कोविडनंतर, 2021 च्या केंद्रीय बजेटमध्ये तिला 5 कोटी 92 लाख डॉलरची तरतूद झाली. आणि कॅनडातला एकुलता एक सिंक्रोट्रॉन तिथेच आहे, 2004 पासून. फुटबॉलच्या मैदानाएवढ्या इमारतीत इलेक्ट्रॉन गोल-गोल पळवून लखलखीत प्रकाश काढतात आणि त्यात मातीपासून हाडापर्यंत काहीही तपासतात. आपल्याकडे असं यंत्र इंदूरला आहे. सॅस्काटूनचं वैशिष्ट्य मला वाटतं ते वेगळंच: तिथे शाळकरी पोरांना स्वतःचा प्रयोग घेऊन त्या यंत्रावर बसता येतं, तसा त्यांचा खास उपक्रम आहे. हात लावू देतात!

पोटॅश कंपनीनेही 2012 मध्ये तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेला मोठी रक्कम दिली. खत विकणारा अन्नसुरक्षेला पैसे देतो तेव्हा डोळे उघडे ठेवावेत, हेही मुलीला सांगा. ताटात वाढणाऱ्याचा हात बघायचाच असतो.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या आत्याला 80 च्या दशकात परळला टाटा हॉस्पिटलमध्ये कर्करोगावर कोबाल्टचे शेक दिले. मी तिच्याबरोबर जायचे. बाहेरच्या बाकावर बसून तिची पिशवी सांभाळायचे. ती बरी होऊन पुढे एकोणीस वर्षं जगली. इथे आल्यावर कितीतरी वर्षांनी मला कळलं की कोबाल्टची अगदी पहिली दोन यंत्रं 1951 मध्ये कॅनडातच लागली, आणि त्यातलं एक सॅस्काटूनला, हॅरॉल्ड जॉन्स यांच्या चमूने युनिव्हर्सिटीत घडवलेलं. किरण शरीरात किती खोल किती पोचतो, याची मोजमापं करणाऱ्यांत सिल्व्हिया फेडोरुक नावाची एक मुलगी होती, वय वर्षं चोवीस. आईबाप युक्रेनहून आलेले. सस्कॅचेवानातल्या कॅनोरा गावची पोर. पुढे ती त्याच युनिव्हर्सिटीची पहिली महिला कुलपती झाली, मग प्रांताची लेफ्टनंट गव्हर्नर. कर्लिंगमध्ये, म्हणजे बर्फावर दगड घसरवायच्या खेळात, राष्ट्रीय विजेतीसुद्धा. तिच्याही आईबापांना कुणीतरी विचारलंच असेल, पोरगी रँक किती असलेल्या ठिकाणी शिकते म्हणून.

माझी भाची तिथेच शिकली, म्हणून एवढ्या ठसक्यात बोलते. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात तिला पीक विकास केंद्रात काम मिळालं, पगारी. मी भेटायला गेले तर बाई हरितगृहात डोक्याला भिंग बांधून बसलेली. मसुराची कळी तांदळाच्या दाण्याएवढी. ती उमलायच्या आत चिमट्याने उघडायची, आतले परागकोश एकेक करून काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा आणि देठाला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची. फूल आपलं आपणच फळतं, त्यामुळे जरा उशीर झाला की संकर फसला. मला म्हणाली, "मावशी, श्वास रोखून धर, उडेल." मी खरंच रोखला. दिवसाला इतक्या कळ्या, त्यातल्या कितीतरी वाया. संध्याकाळी तिची बोटं आखडलेली असायची. पण तिची बाई, म्हणजे तिथली प्राध्यापिका, तिला नावाने हाक मारत होती. मी तेवढंच ऐकलं आणि मला आमच्या थोरल्याची शेवटची रांग आठवली.

तेव्हा यजमानांना रँकिंगचा तक्ता मिटायला सांगा आणि फोन करायला लावा. विचारायचं असं: पदवीच्या किती मुलांना उन्हाळ्यात संशोधनाचं पगारी काम मिळतं, पैसे कोण देतं, आणि मागच्या वर्षीची मुलं आता कुठे आहेत. उत्तर गोलगोल आलं तर मुलीलाही ऐकवा. मी सॅस्काटूनची एजंट नाही. हाच फोन वॉटर्लूला आणि मॅकमास्टरलाही करा. तिथून अधिक चांगलं उत्तर आलं आणि पोरीला पटलं, तर मला काहीच म्हणायचं नाही.

मुलीलाही थोडं बोलते. हट्ट ठीक आहे, पण फेब्रुवारीत जाऊन ये. सप्टेंबरात सगळीच गावं देखणी दिसतात. उणे पस्तीसमध्ये रात्रभर गाडीला विजेची वायर लावून ठेवायची, नाहीतर सकाळी इंजिन हूं की चूं करत नाही, हे एकदा अनुभव आणि मगच सही कर. आणि आईला फोन करताना ध्यानात ठेव, सस्कॅचेवानात घड्याळं मागेपुढे करत नाहीत. हिवाळ्यात ब्रॅम्प्टनशी एका तासाचा फरक, उन्हाळ्यात दोन. आमची भाची पहिलं वर्षभर तिच्या आईला झोपेतून उठवायची.

उरलेलं उरकते. धाकट्याचं मराठी: तुम्ही त्याला मराठीत विचारता आणि तो इंग्रजीत उत्तर देतो, मग तुम्हीही इंग्रजीवर घसरता. घसरू नका, बस्स. नवऱ्याचा अबोला: पिठलं-भाकरी करा आणि त्यांच्या वडिलांनी जमीन नेमकी कधी, किती आणि कुणाला विकली ते विचारा. मला वाटतं राग मुलीवर नाहीच. ते बोलून होईस्तोवर मध्ये बोलू नका.

आणि सासूबाई. "येताना काय काय आणायला सांगू?" असं विचारलंय. गोडा मसाला सांगा, सांडगे सांगा, सांगलीची हळद सांगा, मुलीसाठी एक चांगली घोंगडी सांगा. माझ्या सासूबाईंनी पहिल्या खेपेला दोन किलो मसूरडाळ आणली होती, कपड्यांच्या घड्यांत लपवून, इथे काही मिळत नसेल म्हणून. डबा भरताना मी पिशवीवरची दुकानाची चिठ्ठी वाचली. बॉलपेनने लिहिलं होतं, 'मसूर, कॅनडा, 2 कि.'