आओ याय: हा पोशाख किती जुना, आणि तो ठरवला कुणी?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. व्हिएतनामी स्त्रियांचा लांब झगा आणि त्याखाली घोळदार विजार हा पोशाख खरंच हजारो वर्षांचा आहे का? तो चिपाओवरून, म्हणजे उभ्या गळपट्टीच्या, अंगाबरोबर बसणाऱ्या चिनी झग्यावरून उचललेला आहे का? आणि तिकडे फिरायला गेल्यावर आपण तो शिवून घातला तर तिथल्या लोकांना खटकेल का?

मी तयार कपड्यांच्या व्यवसायात आहे. कामामुळे बरीच वर्षं हो चि मिन्ह शहरात, म्हणजे जुन्या सायगॉनमध्ये राहिले आणि तिथल्या शिंपिणींकडून हा पोशाख बेतायला शिकले. त्यामुळे मला जे सांगता येईल ते कापडाच्या आणि कापणीच्या अंगाने. या पोशाखाला हनोईकडे ‘आओ झाय’ आणि दक्षिणेत ‘आओ याय’ म्हणतात. मी दक्षिणेत राहिल्यामुळे माझ्या तोंडी दुसरं नाव आहे.

हजारो वर्षांचा तो नाही. विजारीवर लांब झगा ही पद्धत 1744 पासूनची आणि आज दिसतो तो अंगाबरोबर बसणारा बेत 1930 नंतरचा. त्याआधी उत्तरेकडच्या गावांतल्या बायका ‘आओ तू थान’ घालायच्या. म्हणजे समोरून उघडा, चार पाटांचा लांब अंगरखा, आत छाती झाकणारं ‘येम’ नावाचं कापड (ते मानेमागे आणि पाठीवर नाड्यांनी बांधायचं) आणि खाली घागरा. भातशेतीत राबताना अंगरख्याचे पुढचे दोन पाट कमरेशी गाठ मारून टाकायचे. राबणाऱ्या बाईचा तो पोशाख. उत्तरेत जत्रांमध्ये लोकगीतं गाणाऱ्या गायिका तो आजही घालतात.

1744 मध्ये झालं ते राजकारण होतं. त्या काळी देश दोन घराण्यांत विभागलेला होता. उत्तरेत त्रिन्ह सरदार, दक्षिणेत न्गुयेन सरदार, आणि ले राजा केवळ नावापुरता. दक्षिणेच्या न्गुयेन फुक ख्वातने त्या वर्षी फू स्वान इथे, म्हणजे आजच्या ह्वे शहरात, स्वतःला राजा म्हणवून घेतलं. तो घराण्यातला आठवा. आठ पिढ्यांनंतर घराणं उत्तरेच्या राजधानीकडे परतेल, असं भाकीत त्या काळी लोकांच्या तोंडी होतं असं सांगतात. आपलं राज्य वेगळं आहे हे नजरेला दिसावं म्हणून ख्वातने प्रजेचा पोशाखच बदलला. पुरुष आणि बायका दोघांनीही विजार आणि बटणांचा, उभ्या गळपट्टीचा झगा घालावा, असा हुकूम काढला. नमुने मिंग काळातल्या एका सचित्र चिनी कोशातून घेतले, असं ले क्वी दोन या अठराव्या शतकातल्या विद्वानाने नोंदवून ठेवलं आहे. दक्षिणेचा तो मुलूख पूर्वी चाम लोकांचा होता, म्हणून काही अभ्यासकांना त्यात चाम पोशाखाचीही छाया दिसते.

पुढे 1802 मध्ये न्गुयेन घराण्याने सगळा देश एकत्र केला. 1820 ते 1841 या काळात राज्य करणाऱ्या मिन्ह मांग राजाने हाच नियम उत्तरेवर लादला. बायकांनी घागरा सोडून विजार घालायची. उत्तरेतल्या गरीब घरांत विजारीपुरतं जादा कापड कुठून येणार? त्या हुकमावरचं एक लोकगीत अजून लोकांना पाठ आहे. आठव्या महिन्यात राजाचं फर्मान निघालं, तळ नसलेल्या विजारीला बंदी झाली, लोकांची गाळण उडाली. बाजारला न जावं तर बाजार भरणार नाही, जावं तर नवऱ्याची विजार उतरवून घ्यावी लागेल. विजार आहे तिने दुकान मांडावं, नाही तिने वेशीवर उभं राहून अंमलदार येतोय का ते बघावं. (तळ नसलेली विजार म्हणजे घागरा.) पोशाखाच्या इतिहासात मला याहून खरा कागद माहीत नाही. दरबारी बखरीत फक्त हुकूम सापडतो. तो पाळताना घरात काय झालं, ते या गीतात आहे.

तिथून जो झगा रूढ झाला तो ‘आओ न्गू थान’, पाच पाटांचा. हा बेत समजला की पुढचं सगळं उलगडतं. हातमागावरचं कापड आपल्या खणासारखं अरुंद पन्ह्याचं यायचं. एका पन्ह्यात पाठ बसायची नाही, म्हणून दोन पाट मधोमध जोडायचे. पुढेही तसेच दोन. आणि उजव्या बाजूला आतून पाचवा, अर्धा पाट, म्हणजे बटणांच्या फटीतून अंग दिसू नये. बटणं पाच, गळ्यापासून तिरकी उजव्या काखेकडे जाणारी. पुढे लोकांनी त्याला अर्थ जोडले. चार पाट म्हणजे आपले आईवडील आणि सासूसासरे, आतला पाचवा म्हणजे ती स्वतः, त्यांच्या आसऱ्याला असलेली. पाच बटणं म्हणजे कन्फ्यूशियसच्या परंपरेतले पाच सद्गुण. हा अर्थ मागाहून आलेला आहे, पाच पाट आधी मागाच्या रुंदीमुळे आले, असं माझं मत. पण म्हणून तो खोटा ठरत नाही. पिढ्यान् पिढ्या आयांनी मुलींना झगा चढवताना तो सांगितला, आणि ज्या पाटात मुलगी स्वतःला बघायची तो बाहेरून दिसतच नसे, हे त्या समाजाबद्दल बरंच काही सांगून जातं.

आता 1930 चं दशक. फ्रेंचांनी 1925 मध्ये हनोईत कलाशाळा काढली होती. तिथून शिकून निघालेला चित्रकार न्गुयेन कात तुओंग ‘ल म्यूर’ या फ्रेंच नावाने काम करायचा. 1934 मध्ये त्याने ‘फोंग होआ’ या सुधारकी साप्ताहिकात नव्या पोशाखाची चित्रं आणि लेख छापायला सुरुवात केली. पाच पाटांचे त्याने दोनच केले, एक पुढे, एक मागे. गिरणीचं रुंद कापड आलेलं असल्यामुळे मधल्या शिवणीची गरज उरली नव्हती. कंबर बसती केली, बाह्यांना फुगे दिले, गळे उघडले, लेस लावली. गडद तपकिरी-काळ्या रंगांच्या जागी फिकट रंग आणि पांढरी विजार सुचवली. शहरातल्या शिकलेल्या मुलींनी तो उचलला आणि जुन्या वळणाच्या लोकांनी झोड उठवली. बाईच्या शरीराला आकार आहे हे कपड्यातून दिसणं हाच मोठा आक्षेप होता. त्याच कलाशाळेतला ले फो याने मग फुगे आणि लेस काढून टाकली, उभी गळपट्टी परत आणली, बसता बेत मात्र ठेवला. लोकांनी स्वीकारला तो हा मधला मार्ग. ले फो पुढे फ्रान्सला गेला आणि त्याच्या चित्रांतल्या झगा घातलेल्या उंच, नाजूक बायका आज लिलावात लाखो डॉलरना जातात.

चिपाओचा प्रश्न इथेच सुटतो. चिपाओचं मूळ मांचू, म्हणजे चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या लोकांच्या, पोशाखात. अंगाबरोबरचा चिपाओ 1920 नंतर शांघायमध्ये घडला, अंगाबरोबरचा आओ याय पुढच्या दशकात हनोईत. दोघांवर युरोपी शिवणकामाचा हात फिरला आहे, आणि उभी गळपट्टी व बाजूची बटणं दोघांत आहेत. चिनी दरबारी पोशाखाचं ऋण तर 1744 पासूनचं आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण चिपाओ हा एकच कपडा, त्याची चीर मांडीपर्यंत आणि आत विजार नाही. आओ यायची चीर कमरेच्याही किंचित वर जाते आणि विजारीशिवाय तो पुरा होतच नाही. चालताना दोन पाट सुटे होऊन विजारीवर हलतात, तेच त्याचं सौंदर्य. 2019 मध्ये एका चिनी ब्रँडने जवळजवळ असेच झगे चिनी म्हणून मांडल्याचं समोर आलं तेव्हा व्हिएतनाममध्ये मोठा संताप उसळला. हजार वर्षं चिनी सत्तेखाली राहिलेल्या देशाला असल्या गोष्टी का झोंबतात, हे समजण्यासारखं आहे.

सायगॉनच्या शिंप्यांचं नाव मात्र या इतिहासात फार कमी घेतलं जातं, त्याचं मला वाईट वाटतं. 1960 च्या सुमारास दाकाव भागातल्या ‘युंग’ या दुकानाने झग्याला रॅग्लन बाही लावली. तोवर मुंढ्यापाशी, काखेत सुरकुत्या पडायच्या, आणि बसत्या झग्यात तर फारच. रॅग्लनमध्ये शिवण गळ्यापासून तिरकी काखेत उतरते, खांद्याला जोड राहत नाही, आणि टिचबटणांची रांगही त्याच रेषेत लपते. झगा अंगावर गुळगुळीत बसायला लागला तो त्यामुळे. आज सायगॉनमध्ये कुठेही आओ याय शिवायला टाका, बेत हाच असतो. चित्रकारांनी चित्र काढलं, पण ते अंगावर बसवलं शिंप्यांनी.

त्याच काळात पोशाख पुन्हा राजकारणात ओढला गेला. दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष न्गो दिन्ह दिएम अविवाहित होते. त्यांची भावजय चान ले स्वान, जग जिला मादाम न्यू म्हणून ओळखतं, तीच पहिल्या महिलेच्या मानाने वावरायची. 1958 मध्ये तिने गळपट्टीच काढून टाकली आणि होडीच्या आकाराचा उघडा गळा आणला. हीच बाई पुढे सार्वजनिक नीतिमत्तेसाठी नाच-गाण्यांवर बंदी घालणारे कायदे करून घेत होती. जुने लोक गळ्यावरून चिडले, तरुण बंदीवरून. 1963 च्या लष्करी उठावात दिएम आणि तिचा नवरा मारले गेले, ती परदेशी राहिली, पण तो गळा तिथेच राहिला. सायगॉनच्या उकाड्यात मान मोकळी राहते हे बायकांना पटलं होतं. आजही शिंपीण विचारते, उभा गळा की ‘बा न्यू’चा?

आणि लढाईच्या दुसऱ्या बाजूला न्गुयेन थी बिन्ह. उत्तरेतल्या कम्युनिस्ट राजवटीत 1954 नंतर हा झगा आरामात राहणाऱ्या वर्गाचा मानला जाऊ लागला होता. शेतात, कारखान्यात, खंदकात तो चालणाराही नव्हता. पण दक्षिणेत सायगॉनच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या क्रांतिकारी सरकारच्या परराष्ट्रमंत्री म्हणून पॅरिसच्या वाटाघाटींना बिन्ह आओ यायमध्येच गेल्या, आणि 27 जानेवारी 1973 रोजी शांतता करारावर सही केली तीही तोच घालून. त्या टेबलाभोवती त्या एकट्याच बाई मंत्री होत्या. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोन बाजूंच्या या दोघी बायका, आणि दोघींनाही आपण व्हिएतनामच्या आहोत हे सांगायला हाच झगा लागला. अर्थ कशात आहे असं तुम्ही विचारलंत, तर मी त्या पाच बटणांच्या आधी हे सांगेन.

1975 मध्ये युद्ध संपलं, त्यानंतर दहा-बारा वर्षं झगा जवळपास दिसेनासा झाला. कापड रेशनवर होतं. एका झग्याला जेवढं कापड लागतं त्यात दोन सदरे निघतात, त्यामुळे कित्येकींनी जुने झगे उसवून सदरे शिवले. माझ्या ओळखीतल्या वयस्क बायका हे सांगताना अजूनही कापडाचा रंग आणि पोत आठवून सांगतात. त्या काळात तो जपला परदेशी गेलेल्या निर्वासितांनी, कॅलिफोर्नियातल्या लग्नांत आणि नववर्षाच्या समारंभांत. 1986 च्या आर्थिक सुधारणांनंतर देशात तो परतला. 1989 मध्ये हो चि मिन्ह शहरात आओ यायची सौंदर्यस्पर्धा झाली, 1995 मध्ये टोकियोच्या मिस इंटरनॅशनलमध्ये त्याला उत्कृष्ट राष्ट्रीय पोशाखाचं बक्षीस मिळालं. नंतर विमानातल्या, बँकेतल्या, हॉटेलातल्या बायकांचा तो गणवेश बनला. ह्वेच्या झगे शिवण्या-नेसण्याच्या परंपरेला 2024 मध्ये राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला.

शाळकरी मुलींच्या पांढऱ्या झग्याचं चित्र तुम्ही पर्यटनाच्या जाहिरातीत पाहिलं असेल. सायगॉनच्या ज्या जुन्या मुलींच्या शाळेला लोक ‘जांभळ्या झग्यांची शाळा’ म्हणायचे, तिथे 1953 मध्ये जांभळ्याचा पांढरा झाला. चित्र सुंदर आहे, पण पावसात तो पातळ पांढरा झगा अंगाला चिकटतो, आणि सायकलवर मागचा पाट चाकात जाऊ नये म्हणून मुठीत धरावा लागतो. आता बऱ्याच शाळांनी तो आठवड्यातून एक-दोन दिवसांवर आणला आहे. मला ते योग्य वाटतं. संस्कृतीचं सगळं ओझं पंधरा वर्षांच्या मुलींनीच का वाहायचं? पुरुषही एके काळी हाच झगा घालायचे. ह्वेमध्ये आता काही सरकारी खात्यांतले पुरुष कर्मचारी ठरावीक दिवशी पाच पाटांचा झगा घालून कामावर येतात, त्याचा मला आनंद आहे. तरुण मुलीही लग्नात हौसेने पाच पाटांचा किंवा ‘न्यात बिन्ह’ हा जुना दरबारी झगा घालू लागल्या आहेत.

एक लक्षात ठेवा, हा पोशाख बहुसंख्य किन्ह लोकांचा आहे. देशात सरकारी गणनेप्रमाणे 54 जमाती आहेत. ह्मोंग बायकांचे निळीत रंगवलेले मेणकामाचे घागरे, थाय बायकांच्या चांदीच्या फुलपाखरी बटणांच्या चोळ्या, हेही तितकेच व्हिएतनामी.

तुम्ही घालावा का? जरूर घाला, लोकांना मनापासून आवडतं. फक्त विजारीसकट घाला. 2019 मध्ये अमेरिकेत एका गायिकेने तो विजारीशिवाय घातला आणि तिकडची मंडळी फार दुखावली होती. लग्नाला जात असाल तर लाल टाळा, तो नवरीचा. पर्यटकांच्या बाजारातला तयार घेऊ नका, तो खांद्याला आणि छातीला कधीच नीट बसत नाही. शिवून घ्या आणि किमान तीन-चार दिवस हातात ठेवा, म्हणजे एकदा घालून बघून दुरुस्ती करता येईल. माप द्यायला जाताना जी ब्रा आणि जे टाचांचे बूट त्यावर घालणार तेच घालून जा. विजार टाच झाकून जमिनीला टेकेल इतकी लांब ठेवतात, बूट बदलले की सगळी लांबी चुकते. आणि चीर कुठपर्यंत ठेवायची ते शिंपीण विचारेल. कमरेशी त्वचेचा छोटासा त्रिकोण दिसतो, ती तिथली रीत आहे. नको असेल तर विजारीचा पट्टा उंच करायला सांगा, झग्याची चीर खाली आणायला सांगू नका, नाहीतर बसताना पाट ओढला जातो आणि शिवण उसवते.