‘खूप’ कधी खोडावं?

घोडबंदर रोडवरच्या एका ताईंनी विचारलंय: नववीतल्या लेकीच्या ‘माझे ठाणे’ या निबंधात बाईंनी ‘खूप’, ‘अतिशय’ यांखाली लाल रेघा मारल्या आणि ‘अनावश्यक विशेषणे टाळ’ असा शेरा दिला. हे शब्द चुकीचे आहेत का?

चुकीचे नाहीत ताई, बिनकामाचे आहेत. (‘अतिशय सुंदर’मधलं ‘अतिशय’ खरं तर क्रियाविशेषण, पण बाईंचा रोख बरोबर आहे.)

तुम्ही पाठवलेलं वाक्यच घेऊ: ‘ठाणे हे एक अतिशय ऐतिहासिक असे शहर असून येथे खूप सुंदर असा मासुंदा तलाव आहे.’ ‘ऐतिहासिक’मध्ये कमी-जास्त नसतं, ‘अद्वितीय’, ‘अशक्य’, ‘सर्वोत्तम’ यांचंही तेच. ‘एक’, ‘असे’, ‘असा’ खोडा, कुणाला पत्ताही लागणार नाही. राहिलं ‘खूप सुंदर’. ‘खूप’ गेलं तरी ‘सुंदर’ उरतं, आणि त्यातूनही डोळ्यांपुढे काही येत नाही. त्यापेक्षा संध्याकाळी तलावपाळीला तिला काय दिसतं ते लिहू दे: पाण्यातल्या बोटी, कठड्यावर टेकलेली माणसं, कोपिनेश्वराच्या देवळात चाललेली ये-जा. शब्दमर्यादा गाठायची म्हणून मुलं ‘अतिशय’ पेरतात; ती अशा तपशिलानेही गाठता येते.

पण सरसकट छाटायला निघालात तर पंचाईत. पुढे तिने लिहिलंय, ‘१६ एप्रिल १८५३ रोजी भारतातील पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला आली. हे अंतर सुमारे ३४ किलोमीटर होते.’ इथल्या ‘प्रवासी’ला अजिबात हात लावू नका. मद्रासजवळ १८३७ सालीच दगड वाहणारी रेल्वे होती, त्यामुळे ‘प्रवासी’ खोडलं की वाक्य खोटं पडतं. ‘सुमारे’ही राहू दे, २१ मैलांचे नेमके ३४ किलोमीटर होत नाहीत.

‘खूप’चंही असंच. ‘काल पाऊस पडला’ आणि ‘काल खूप पाऊस पडला’ या दोन वेगळ्या बातम्या आहेत, लोकलने जाणाऱ्या ठाणेकराला तर फारच वेगळ्या. शब्द झाकून वाक्य वाचायचं. अर्थ हलला तर तो ठेवायचा.

शेवटच्या ओळीवर मात्र बाईंची रेघ दिसत नाही: ‘ठाणे हे तलावांचे शहर आहे असे म्हणण्यास हरकत नाही.’ हरकत घेतली होती कुणी? ‘आहे’पाशी पूर्णविराम द्यायला सांगा.