जुन्या गाड्यांच्या डीलरनं टेस्ट ड्राइव्हचे पैसे घ्यावेत का?

नाही, अजिबात नाही. यावरून आमच्या मामांशी माझा अजून वाद चालू आहे, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आम्ही इंदूरचे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबांना रिक्षात चढणं-उतरणं जमेना, म्हणून एक जुनी डिझेल गाडी बघायला मी आणि मामा ए. बी. रोडवरच्या एका डीलरकडे गेलो, तेही आधी फोन करून, वेळ सांगून. गाडी दिसायला एकदम मस्त, सीट कव्हर नवीन, डॅशबोर्ड पॉलिश मारून चकाचक. किल्ली मागितली तर तिथला मुलगा म्हणतो, "मैडम, टेस्ट ड्राइव के पाँच सौ लगेंगे, गाड़ी ली तो एडजस्ट हो जाएँगे." मामांनी लगेच पाकीट काढलं. मी म्हटलं थांबा जरा, आणि बॉनेटवर हात ठेवला. चांगलं गरम! म्हणजे आम्ही पोचायच्या आधीच इंजिन चालू करून ठेवलेलं. आता डिझेल गाडी ज्यांनी वापरलीये त्यांना माहितीये, थंड इंजिनला सेल्फ किती मारावा लागतो, पहिला धूर निळा येतो का काळा, खडखड किती वेळ राहते, सगळा खेळ तिथेच असतो आणि नेमकं तेच त्यांनी उरकून टाकलेलं. मी म्हटलं उद्या सकाळी येते, तोवर चालू करू नका, तर म्हणे "कल के अलग लगेंगे". आणि चक्कर केवढी, तर समोरच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊन परत! एवढ्याचे ५०० रुपये. मी सरळ निघाले.

तेव्हापासून घरात काहीही कार्य असलं की मामा सगळ्यांसमोर सांगतात, हिनं पाचशे रुपयांपायी चांगली गाडी घालवली. त्यांचं म्हणणं असं की रविवारी पोरं नुसती मजा म्हणून गाड्या फिरवायला येतात, डीलरनं पेट्रोल कुठवर जाळायचं? पोरं येतात हे खरंय, पण तो त्याच्या धंद्याचा खर्च आहे ना. सीतलामाता बाजारात साडीवाला समोर ढीग उलगडतो आणि आपण काही न घेता उठतो, तो घडी घालायचे पैसे मागतो का? आणि ते 'एडजस्ट' प्रकरण मला जास्त खटकतं. एकदा पाचशे अडकले की माणूस गाडीतले दोष कमी बघतो, पैसे वाया जाऊ नयेत म्हणून मनाची समजूत घालत बसतो. मामा नेमके असेच आहेत, त्यांना हे पटणार नाही.

बरं, नियमांतही ट्रायल धरलेलीच आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरसाठी वेगळे नियम आहेत, त्यात विक्रीला ठेवलेली गाडी रस्त्यावर काढायची जी मोजकी कारणं दिलीयेत त्यात गिऱ्हाइकाला ट्रायल देणं आहेच, सोबत दुरुस्ती, पेंटिंग, तपासणी वगैरे. आणि प्रत्येक फेरीची नोंद इलेक्ट्रॉनिक रजिस्टरमध्ये ठेवायची, कोण चालवत होतं, कशासाठी, किती किलोमीटर. म्हणजे फुकट फिरणाऱ्या पोरांचा बंदोबस्त त्यातच होतो. लायसन्स बघा, नाव लिहा, आपला माणूस शेजारी बसवा, मजा करणारे आपोआप कमी होतात.

नंतर आम्ही दुसऱ्याकडून गाडी घेतली. त्यानं रात्रभर बंद ठेवलेली गाडी सकाळी आमच्यासमोर चालू केली, आमच्या मेकॅनिकला सोबत घेऊन सिमरोलच्या पुढे घाटापर्यंत जाऊ दिलं आणि एक रुपया मागितला नाही. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएम (इंजिनाचे फेरे) वर जातो आणि गाडी तिथेच रेंगाळते, असं झालं तर क्लच गेलेला समजा. पेट्रोल पंपापर्यंतच्या चकरेत हे कसं कळणार सांगा. काचा बंद करून स्पीड ब्रेकरवरून पण न्या, सस्पेन्शनचा आवाज लगेच येतो.

हां, एक राहिलं. गाडी खूप महागडी असेल, किंवा डीलर ती शहराच्या दुसऱ्या टोकाला तुमच्या घरी आणून दाखवत असेल, तर डिपॉझिट मागितलं तर मी समजू शकते. पण ते परत मिळणारं हवं, गाडी घ्या नाहीतर नका घेऊ, आणि पावतीवर तसं लिहून घ्या, तोंडी नको.