बीएपीएनमध्ये भ्रूण थांबले म्हणून लगेच नाचू नका

तुम्ही लिहिलंय की बीएपीएन (कोलॅजनचे धागे एकमेकांना जोडू न देणारं औषध) घातलेल्या डिशमधले जांभळ्या सी-अर्चिनचे, म्हणजे समुद्रातल्या काटेरी गोल प्राण्याचे, भ्रूण मेसेन्काइम ब्लास्टुलापाशीच, म्हणजे आतडं वळण्याआधीच्या पोकळ गोळ्याच्या अवस्थेतच अडकले, आतडं आत वळलंच नाही. गाइड म्हणतात ‘कोलॅजन (पेशींबाहेरच्या जाळ्यातलं प्रथिन) लागतं’ असं लिहून मोकळे व्हा, आणि तुम्हाला ते पटत नाहीये. तुमची पोस्ट वाचली आणि माझीच जुनी वही कुणी समोर उघडून ठेवल्यासारखं वाटलं.

बीएपीएन लायसिल ऑक्सिडेज या एन्झाइमला अडवतं आणि कोलॅजनच्या धाग्यांमधले आडवे बंध होत नाहीत, हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही. माझी चूक वेगळीच होती. भ्रूण थांबलेले दिसले, फोटो काढले आणि डिश सरळ बेसिनमध्ये ओतली. धुऊन बघितलंच नाही! १९८७ मध्ये वेसेल आणि मॅक्ले या संशोधकांनी जे दाखवलं त्याचं खरं वजन थांबण्यात नाही. औषध धुऊन काढल्यावर तेच भ्रूण पुन्हा गॅस्ट्रुलेशनला, म्हणजे आतडं आत वळवायला लागतात, वजन त्यात आहे. मरायला टेकलेला भ्रूणसुद्धा थांबतोच की. गर्दी झाली, पाणी तापलं, तरी थांबतो. माझ्या परीक्षकांनी नेमकं हेच विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुन्हा प्रयोग करायचा तर पिकलेले (अंडी-शुक्राणूंनी भरलेले) प्राणी हवेत, आणि आमच्याकडे, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ते हिवाळ्यातच नीट मिळतात. आमच्या खरेदी विभागाने (नाव नको) एका सहीसाठी माझी फाइल इतके आठवडे दाबून ठेवली की हंगाम संपला. दर वेळी उत्तर एकच, ‘प्रोसेसमध्ये आहे’. त्या वाक्यात माझं एक वर्ष गेलं. असो, नाहीतर इथेच रडत बसेन.

तर आता धुतलेली डिश, न धुतलेली डिश आणि औषध न घातलेली डिश, तिन्ही एकाच मादीच्या अंड्यांपासून, एकाच दिवशी लावा. डायपिरिडिल (कोलॅजन बनण्यात अडथळा आणणारं दुसरं औषध) वापरून दुजोरा मिळवायचा मोह होईल. माझ्या मते एकट्या त्याच्यावर विसंबू नका. ते लोह पकडून ठेवतं, आणि लोह फक्त कोलॅजन घडवणाऱ्या प्रोलिल हायड्रॉक्सिलेज या एन्झाइमलाच लागतं असं थोडंच आहे?

वेळ असेल तर मायक्रोमियर (भ्रूणाच्या छोट्या पेशी, ज्या पुढे त्याचा सांगाडा बनवतात) वेगळे करून वाढवा. घोड्याचं सीरम घातलं की ते डिशमध्येही कॅल्साइटच्या (चुनखडीच्या खनिजाच्या) काड्या करतात, ओकाझाकी या संशोधकांची ही जुनी पद्धत आहे. कोलॅजन बनण्यात अडथळा आणला की काड्या होत नाहीत, पण डिशच्या तळाशी आधीच कोलॅजनचा थर दिला की होतात. गाइडना गप्प करायला मला तरी यापेक्षा चांगला पुरावा सुचत नाही. अर्थात मी सगळं १५ अंशांवर, एकाच जातीवर केलंय. तुमची जात दुसरी असेल तर वेळापत्रक आणि मात्रा तुमच्या तुम्हीच बसवा, माझे आकडे उचलू नका.

जाता जाता, डिशच्या तळाशी भ्रूणांचा एकच थर राहील एवढेच ठेवा. आणि प्राण्यांचं पार्सल शुक्रवारी पोचेल असं कधीही मागवू नका. आमचं सोमवारी उघडलं होतं. तो वास अजून नाकात आहे.